भूमीबाबांची थाळी

नव्वदच्या सुमारास भिवंडीत घरांचे भाव चढू लागले आणि माणसांची अक्कल उतरू लागली. लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेडला लागून असलेल्या एका खोलीसमोर सकाळपासून रांग लागे. प्रत्येकाच्या रुमालात आपापल्या घरची चिमूटभर माती! आत भूमीबाबा पितळी थाळीत पाणी ओतत, त्यात माती टाकत आणि डोळे मिटत. पाणी थरथरलं की भाव चढणार, स्थिर राहिलं की पडणार.

"धरतीमाता बोलती हाय, ऐका!" बाबा गरजले. फरशीवरच्या थाळीत बारीक लाटा उठल्या.

"मान गये बाबा!" गर्दीतून कोणी ओरडलं.

वळ गावच्या शाळेतल्या कौसल्याबाई नवऱ्यासोबत, यादवसोबत, आल्या होत्या त्या नाइलाजाने. पोटाला चिमटा काढून बांधलेलं वळचं घर विकायचा यादवचा विचार होता. एरवी कुठल्याच देवाला हात न जोडणारा हा गडी म्हणत होता, "अगं, हा देव न्हाय, जमिनीचं शास्त्र हाय."

त्यांची पाळी आली. बाबांनी थाळी उचलून शेजारच्या जाड घोंगडीच्या घडीवर ठेवली. पाणी ढिम्म हललं नाही.

"भाव पडनार! आजच इकून टाक."

दारातला लडकू दलाल लगबगीने पुढे आला. "मी घेतो ना, यादवभाऊ. तुमच्यासाठी नुकसान सोसतो."

यादवने मान डोलावली. पण मघापासून बाईंच्या तळपायांना मुंग्या येत होत्या. भिंतीपलीकडे लूम धडधडत होते. भिवंडीकरांना त्याची इतकी सवय की हादरे त्यांना जाणवतच नसत. वळच्या शांततेत राहणाऱ्या बाईंना ते चांगलेच जाणवले.

त्यांनी सरळ थाळी उचलून फरशीवर ठेवली. पाणी थरथरलं.

"बाबा, भाव चढला की हो!"

"हात लावू नको! माता कोपंल!"

शेडचा मुकादम दौलत स्वतःच माती घेऊन रांगेत उभा होता. बाई त्याला म्हणाल्या, "दौलतभाऊ, जरा लूम बंद करता?"

तो ओशाळून शेडमध्ये गेला. खडखडाट थांबला आणि फरशीवरचं पाणीही थांबलं. लूम पुन्हा सुरू झाले, पाणी पुन्हा थरथरलं. रांगेत हशा पिकला. बाबा घाईघाईने घोंगडी गुंडाळू लागले.

यादव लडकूकडे वळला. "भाव पडनार हाय, तर तू घ्यायला का धावतोस रं?"

लडकू हळूच दाराबाहेर सटकला.

"हाच प्रश्न आधी विचारायचा," कौसल्याबाई रांगेकडे बघून म्हणाल्या. "रस्ता कुठं येतोय, पाणी कुठं येतंय, गिऱ्हाईक किती, ते आपल्या डोळ्यांनी बघा. उद्याचा भाव छातीठोक सांगणारा भेटला, तर तो स्वतः काय विकत घेतोय, ते आधी विचारा."