पोरं गोळा करायचा महिना

गहिनीनाथ गुरुजींनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, तसं परवेझने पिंजणाचं मशीन बंद केलं. हातातली रुई तशीच टाकून तो उठला. वय चाळिशीला टेकलं तरी गुरुजी दिसले की त्याचे हात आपोआप पाठीमागं जायचे.

"बस रे परव्या. मास्तर म्हातारा झालाय, मारत न्हाई आता."

गुरुजींच्या मागं त्यांची सून मोनिका उभी होती. छातीशी रंगीत पत्रकांचा गठ्ठा, कपाळावर घाम. ती कालव्याकडच्या इंग्लिश स्कूलमध्ये शिकवायची. गठ्ठा बघूनच दोघं कशाला आलेत ते परवेझनं ओळखलं. लेकीला, इन्शाला, पहिलीला स्टेशनकडच्या शाळेत घालायचं, असं परवा रात्री त्याच्या बायकोनं, अलफियानं पक्कं केलं होतं. उद्या फी भरायला जायचं होतं.

बेलापुरात आता याच दोन शाळा चालतात. बाकीच्या नुसत्या उघड्या असतात. मे महिना लागला की दोन्ही शाळा आपल्या मास्तरांना उन्हात दारोदार पिटाळतात. ज्याला ठरल्याइतकी पोरं सापडत नाहीत, त्याला जूनमध्ये घरी बसवतात. संस्थाचालक मंडळी या प्रकाराला 'प्रवेशोत्सव' म्हणतात, गावजेवणं घालतात, आणि त्यांना कुणी विचारत नाही की बाबांनो, शिकवायचं कधी?

"सूनबाईला अजून चार पोरं कमी पडत्यात," गुरुजी खाली बघत म्हणाले. "म्हणलं, मी येतो संगं. माझ्या हाताखालची पोरं न्हाई म्हणायची न्हाईत."

मोनिकानं मान वळवली. आतून इन्शा डोकावली, तशी ती तिच्याकडं सरकली आणि दोघी मधल्या खोलीत गेल्या. तिथं अलफिया गाद्यांच्या खोळी शिवत होती.

गुरुजींनी चष्मा लावून पत्रक वाचायला घेतलं. स्मार्ट बोर्ड. रोबोटिक्स. पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट. एकेक शब्द दाताखाली खडा आल्यासारखा वाचत होते. परवेझला ऐकवेना.

याच जागी, याच माणसाला त्यानं बघितलं होतं. परवेझ तेव्हा तिसरीत होता. अब्बांनी, गनीभाईंनी, त्याला शाळेतून काढून रुई पिंजायला बसवलं होतं. तिसऱ्या दिवशी गुरुजींची सायकल दारात आली. पांढराशुभ्र लेंगा-सदरा घातलेला तो माणूस सरळ आत शिरला आणि रुईच्या ढिगावर मांडी घालून बसला.

"गनीभाई, पोरगं उठलं तरच मी उठणार."

अब्बा हसले, चिडले, चहा पाजला. गुरुजी हलले नाहीत. शेवटी परवेझ सायकलीच्या दांडीवर बसून शाळेत गेला. गुरुजींच्या केसांत, भुवयांत, सदऱ्यावर रुईच रुई. सगळी शाळा फिदीफिदी हसली, आणि गुरुजी त्याच अवतारात पाढे घ्यायला उभे राहिले. त्या वेळी त्यांना कुणी पोरांचा आकडा दिला नव्हता. त्या शाळेच्या निम्म्या खोल्यांना आता कुलपं आहेत. तिथं शिकलेल्या कुणीच आपलं पोर तिथं घातलं नाही. परवेझनंसुद्धा नाही.

"काय मग?" गुरुजींनी चष्मा काढला. "लिहायचं का नाव?"

परवेझनं मशीनचा पट्टा उगाच ओढून बघितला.

"गुरुजी... तिचं स्टेशनकडं ठरलंय."

आयुष्यात पहिल्यांदा तो त्यांना नाही म्हणाला होता. गुरुजी थोडा वेळ पत्रकाची घडी घालत राहिले.

"बरं," ते म्हणाले.

मशीन बंद असल्यामुळं मधल्या खोलीतलं बोलणं इकडं स्वच्छ येत होतं. अलफिया कुणाची भीड ठेवणारी नव्हती.

"मॅडम, एक खरं सांगा. वर्गात पोरं किती असत्यात?"

 मोनिका हळू म्हणाली, "सत्तर. आणि मी एकटी. पत्रकातलं ते रोबोटचं सामान कपाटात असतं, साहेब लोक आले की काढतो. मला प्रत्येकाची वहीसुद्धा बघणं होत न्हाई भाभी. तुमचं स्टेशनकडं ठरलंय ना? तिकडंच घाला. पोरगी हुशार हाय."

परवेझनं गुरुजींकडं बघायचं टाळलं. तरी दिसलंच. गुरुजींची मान खाली नव्हती. सुनेच्या आवाजाच्या दिशेनं ते टक लावून बघत होते, जुन्या फळ्याकडं बघायचे तसे.

चहा झाला. दोघं उठले. गुरुजींनी इन्शाच्या डोक्यावर हात ठेवला आणि उन्हात उतरले. मोनिकानं जाताना पत्रक ठेवलं नाही.

परवेझ मशीन सुरू करणार, तेवढ्यात अलफिया खोळ आणि सुईदोरा हातात घेऊन बाहेर आली.

"परवा स्टेशनकडच्या बाईंना मी हेच विचारलं हुतं," ती म्हणाली. "म्हणल्या, आमच्याकडं कशाची म्हणजे कशाचीच कमी न्हाई."

"मग?"

"ही मोनिका मॅडम कुठल्या वर्गाला असती?"

"पहिलीला. का गं?"

"तिनं खरं सांगितलं." अलफियानं सुई खोळीत खोचली आणि रस्त्याकडं बघितलं. सासरा-सून कोपऱ्यापर्यंत पोचले होते.

परवेझ अनवाणीच बाहेर पळाला. तापलेल्या डांबरावर पाय पोळले. तोंडात सवयीनं 'गुरुजी' आलं होतं. ते गिळून त्यानं हाक मारली,

"मॅडम! ओ मॅडम!"

दोघंही थांबले.