कोरडे केस

विद्यानगरच्या कॉलेजात पोरांनी हिम्मतरावांच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली, तेव्हा भामाबाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. आठ महिन्यांपूर्वी मेंदूच्या झटक्याने नवऱ्याची वाचा आणि हातपाय नेले होते. माणसाला बोललेलं कळतं की तो नुसता बघतो, हे डॉक्टरही सांगत नव्हते.

नातू ओमकार इलेक्ट्रॉनिक्सचा, सायली फिजिओथेरपीची, मलकपेठची नौशीन मानसशास्त्राची. तिघांनी मिळून ही टोपी जुळवली होती. ‘हो’ म्हणायचं असेल तर उजवी मूठ आवळल्याचं मनात आणायचं, की पडद्यावरचा ठिपका वर चढणार.

ठिपका जागचा हलेना. ओमकार एकेक तार दाबून पाहू लागला. सायली कुणाकडेच बघेना. आत काही उरलंच नसेल, असं कुणी म्हटलं नाही. भामाबाईंना मात्र ते ऐकू आलं.

नौशीनने टोपी उचलली, बोटं एकमेकांवर चोळली.

“नानी, सर को तेल लगाए क्या?”

लावलं होतं. सकाळी वाटीभर खोबरेल कोमट करून जिरवलं होतं. डोकं स्वच्छ धुऊन आण, एवढंच ओमकारने बजावलं होतं. पण कोरड्या केसांनी माणूस चारचौघांत न्यायचा म्हणजे घरात सुतक असल्यासारखं.

“आजी, तेलातून आजोबांच्या मेंदूतलं काही आमच्यापर्यंत पोचत नाही गं,” ओमकार म्हणाला.

सायली शांपू घेऊन आली तेव्हा भामाबाई म्हणाल्या, उद्या करू. तेल होतं तोवर दोष तेलाचा होता. धुतल्यावरही ठिपका हलला नाही तर? आणि हलला तर? गेल्या महिन्यात यांचं तोंड पुसता पुसता त्या बोलून गेल्या होत्या, सुटा आता एकदाचे, मलाही सोडवा.

शेवटी मग त्यांनीच शांपू हातात घेतला. दोनदा धुतलं, पुसून केस कोरडे केले. टोपी पुन्हा चढली. पहिला प्रश्न तूच विचार, ओमकार म्हणाला.

“अहो, माझं बोलणं कळतं का?”

ठिपका लटपटला आणि वर चढला. सायलीने खात्रीसाठी विचारलं, तुमचं नाव अरविंद का? ठिपका खालीच राहिला. पोरं नाचायचीच काय ती बाकी होती.

“मागच्या महिन्यात बोलले, तेही?”

ठिपका वर गेला. पोरांना काही उमगलं नाही.

भामाबाईंचा आवाज उतरला. “रागावलात?”

ठिपका हलला नाही. ते ‘नाही’ होतं की हिम्मतराव थकले होते, हे नौशीनलाही सांगता येईना.