देव जेवला का?

"यांच्याशी वाद घालायला कुणीतरी पाहिजे बघ, न्हाईतर हे जेवणार न्हाईत," आई दवाखान्यात म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं. जन्मभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला वादाला कुणी मिळणार नाही होय?

आमच्या बिदरच्या घरी दुपारी आई देवापुढं नैवेद्य ठेवायची. अण्णा, माझे वडील, पक्के नास्तिक. पाटावर बसल्या बसल्या विचारायचे, "नलिनी, देव जेवला का? वाटीतलं तर काहीच कमी झालं न्हाई."

"तुमच्या शंका खाऊनच पोट भरलं त्याचं. अहो, भाकर आहे म्हणजे थापणारी आहे. मग एवढं जग बिनथापलेलं कसं?"

"भाकर तू थापलीस. तुझ्या देवाला कुणी थापलं?"

"आधी जेवा, मग सांगते."

आई गेल्यावर मी बसवकल्याणहून फोन करायची. "जेवलात?" "व्हय." त्या 'व्हय'चा मला भरवसा वाटेना. एका दुपारी तान्ह्या लेकीला घेऊन न सांगता गेले. देवापुढं वरणभात मांडलेला, समोर अण्णा. मनगटं काडीसारखी झालेली. त्यांचं ताट झाकलेलंच.

"अण्णा, तुम्ही आणि नैवेद्य?"

"तिची बाजू कुणीतरी मांडायला पाहिजे ना. मांडतो. पण मला जमत न्हाई. रोज मीच जिंकायलोय, भार्गवी." मग हळूच म्हणाले, "घास उतरत न्हाई."

मला तरी देवाचं कुठं काय ठाऊक? झोपलेल्या लेकीचा श्वास चालू आहे का बघताना मी त्याला हाक मारते, एवढंच. मी तिची मूठ उघडून अण्णांपुढं धरली. "ही नखं बघा. एवढं बारीक काम आपोआप होतं?"

त्यांनी चष्मा चढवला. "आणि गेल्या महिन्यात हिला ताप आला, तोही त्यानंच घडवला? कामून?"

"आधी जेवा, मग सांगते."

त्यांनी ताट पुढं ओढलं. मग झाकण काढून भात कालवला.

आमच्याकडं चला म्हटलं तर म्हणतात, "नलिनीचे देव कुणावर सोडू?" फोनवर त्यांना धड ऐकू येत नाही, आणि एवढ्या लहान पोरीला घेऊन रोज बसनं कशी जाऊ?

म्हणून विनवते. तुम्ही बिदरात नौबादला राहत असाल, तिकडून जात असाल, तर दुपारी निळ्या फाटकाच्या घरात डोकावा. श्रीनिवासराव म्हणून हाक मारा. देव आहे, असं ठासून सांगा. पटत नसलं तरी सांगा. त्यांनी उलट विचारलं की उत्तर मात्र ते जेवल्याशिवाय देऊ नका.