पाकोळ्यांच्या शेपट्या

कारागिराने आप्पांच्या काठीच्या टोकाचं रबरी बूच काढलं, काठी शिकंज्यात धरली आणि बारीक करवतीने बोटभर तुकडा उतरवायला घेतला. दहावा तुकडा. पलीकडच्या खोलीत आप्पांचं घोरणं चालू होतं, तोवर बूच बसवून काठी परत त्यांच्या खुर्चीला टेकवायची होती.

काठी आबनुसाची. आबनूस असा काळा, की शेजारी ठेवला तर आपण उगाच मिरवलो असं कोळशालाही वाटावं. पण ते लाकूड आता मिळत नव्हतं. नुसतं नाव काढलं तरी व्यापारी मेलेल्या माणसाची चौकशी केल्यासारखे गप्प होत. आणि समोर दुरुस्तीला आलेली ती पेटी. झाकणावर चाळीस पाकोळ्या, आप्पांनीच तरुणपणी जडवलेल्या. अकरा जणींच्या आबनुसाच्या शेपट्या ओलीने गळून पडलेल्या. जुन्यात नवं ओळखू आलं तर पेटी तशीच परत नेईन, असं गिऱ्हाईक बजावून गेलं होतं.

पर्याय त्याने कमी शोधले नव्हते. नासपतीचं लाकूड गंजक्या खिळ्यांसोबत व्हिनेगरमध्ये आठवडाभर बुडवलं. ते काळं झालं आणि पॉलिश लागताच जांभळं पडलं. कागद दाबून केलेली काळी फळी मागवली. करवतीखाली तिला जळक्या बटणांचा वास सुटला. प्रत्येक नमुना तो आप्पांच्या हातात देई. आप्पांना दिसत नव्हतं, पण अंगठा शाबूत होता. ते नख रुतवून बघत.

"मऊ आहे. नाही भागायचं."

"आप्पा, कुणाला कळणार आहे?"

"आंधळ्याला कळतंय, मग डोळे असलेल्यांना काय धाड भरलीय?"

मग त्याने काठीला हात घातला. काठी आखूड होत गेली, तसे आप्पा वाकत गेले.

"फार वाकलेत हो," बायको म्हणाली.

"वय झालं," म्हणत त्याने भुसा फुंकून टाकला. डॉक्टरही तेच म्हणाले. त्याला मात्र वाटे, आणखी बोटभर कापली तर म्हातारा मुंग्यांशी गप्पा मारत चालेल.

दहावा तुकडा हातात आला, तेव्हा घोरणं थांबलंय हे त्याच्या लक्षात आलं. दारात आप्पा उभे होते, भिंत धरून.

"खालून कापू नकोस," ते म्हणाले. "खालचं आपटून तडकलेलं असतं. मुठीजवळचं घे."

करवत त्याच्या हातात तशीच राहिली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्या वडिलांची काठी ती. तेव्हा त्यांच्या खांद्याला लागायची." आप्पा चाचपत पुढे आले आणि पेटीच्या झाकणावर हात फिरवू लागले. "या शेपट्या काय आभाळातून पडल्या वाटतं?"

"आजोबा काही बोलले नाहीत?"

"शिंप्याला बोलायचे. पायजमा लांब शिवतो म्हणून." त्यांचं बोट एका पाकोळीवर थांबलं. "मलाही वाटायचं, त्यांना कळलं नाही."

"मुठीजवळून घेतलं तर काठीच राहणार नाही, आप्पा."

"आता तरी कुठे राहिलीय? महिना झाला, भिंत धरूनच चालतोय मी."

त्याने भिंतीकडे पाहिलं. हाताच्या मळकट रेघा, एकीखाली एक. सगळ्यात खालची त्याच्या कमरेच्याही खाली गेली होती.

"आणखी एखादं लाकूड बघतो," तो म्हणाला.

"बघ की," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी चाचपून काठी उलटी करून शिकंज्यात बसवून दिली.

अकरावा तुकडा उतरला. मूठ टेबलावरून घरंगळत कडेशी जाऊन थांबली. काळा भुसा आप्पांच्या चपलांवर पडला होता. तो कुणीच झटकला नाही.

आप्पा जायला वळले. भिंत दोन पावलं लांब होती. त्याने पुढे होऊन हात दिला. आप्पांनी तो लगेच धरला नाही. मनगटापासून कोपरापर्यंत चाचपला, मध्येच अंगठ्याचं नख रुतवून बघितलं.

"मऊ आहे," ते म्हणाले. मग हात धरला. "चल. भागवू."