कैदाशिणीची खडखड

त्या लाकडी रोलर कोस्टरचं पाटीवरचं नाव कुणाला धड आठवत नसे. सगळं गाव तिला कैदाशीण म्हणे. तिसऱ्या वळणावर गाडी तिरकी झाली की असा खडखडाट उठे, की भल्याभल्यांची पाचावर धारण बसावी. घामाघूम होऊन उतरणारे ओरडत, "कोणी बांधलंय हे मेलं?" स्टुलावर बसलेला मिस्त्री छाती फुगवून म्हणे, "मी!" बांधली होती खरं तर त्याच्या उस्तादाने. पण तीस वर्षं एकेक बोल्ट हातोडीने वाजवून पाहिल्यावर एवढं म्हणायचा हक्क माणसाला पोहोचतोच. त्या तीस वर्षांत कुणाला साधं खरचटलंही नव्हतं.

खडखडाटाचं गुपित वेगळंच होतं. तिसऱ्या वळणाशी रुळाशेजारच्या कठड्याला उस्तादाने एक फळी मुद्दाम सैल ठोकली होती. गाडी गेली की ती थडथडे. रुळाशी तिचा काडीचा संबंध नव्हता. उस्तादाची अट एकच: ज्याला ती स्वतः सापडेल, त्यालाच सांगायचं. मिस्त्रीला पहिल्याच महिन्यात सापडली होती. त्याच्या गुडघ्यांनी दगा दिल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, रोज सकाळी त्याची लेक तपासणीला वर चढत होती. तिने फळीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. पोरीला हातोडी आली, पण कान काही आला नाही, असं तो बायकोपाशी कुरकुरे.

एके सकाळी तपासनीस बाई आल्या. शेवटच्या डब्यात बसून एक फेरी मारली आणि उतरल्या त्या कपाळाला आठ्या घालूनच.

"तिसऱ्या वळणावर काहीतरी ढिलं झालंय. बंद करा. मी तर पाडायचीच शिफारस करणार. ऐकून होतेच हिच्याबद्दल."

लेक शेजारीच उभी. आता मिस्त्रीने तोंड उघडावं तर उस्तादाची अट मोडते, न उघडावं तर कैदाशीण जाते. गेली अट खड्ड्यात, असं ठरवून तो "बाई, ऐका" म्हणतो न म्हणतो तोच लेक पुढे झाली.

"मॅडम, माझ्याबरोबर वर चला."

दोघी चढल्या. थोड्या वेळाने रिकामी गाडी सोडली गेली. तिसऱ्या वळणावर खडखड नाही, काही नाही. पुन्हा गाडी सोडली, तर तोच जुना खडखडाट! खाली आलेल्या बाई चक्क हसत होत्या. त्यांनी कागदावर सही ठोकली.

"तुला कधी सापडली गं?" मिस्त्रीने विचारलं.

"चौथ्या दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"जुनी कुजली होती, बाबा. उस्तादांच्या हातची, तुम्हाला वाईट वाटलं असतं. सात फळ्या ठोकून पाहिल्या, तेव्हा कुठे हा आवाज लागला. तुम्ही ओळखाल म्हणून रोज धास्तीच असायची."

दोन वर्षं मिस्त्री पोरीची फळी ऐकत होता आणि त्याच्या कानाला पत्ता नव्हता! त्याला लाज वाटली, पण त्याहून मोठा अभिमान वाटला.

दुपारी एक जाडजूड गृहस्थ लटपटत उतरले. "कोणी बांधलंय हे मेलं?"

सवयीने मिस्त्रीचं तोंड उघडलं. मग तो गुडघे सावरत स्टुलावरून उठला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला,

"हिनं. माझ्या लेकीनं!"