आहे तशी वैजू

“पण मी फोडणीसुद्धा दिली नव्हती घरात,” बकुळा डॉक्टरीणबाईंना म्हणाली.

संपाच्या वर्षी वैजूला गोवर आला, तेव्हा देवी घरात आली म्हणून तिने सगळं पाळलं होतं. काळाचौकीच्या त्या खोलीतच तिची खानावळ. गावी न गेलेले गिरणीतले गडी बिनफोडणीची आमटी मुकाट्याने जेवले. गोवर गेला, पोर खडखडीत बरी झाली. आणि आता दुसरीत गेल्यावर हातातली पाटी गळून पडत होती, बसल्याबसल्या अंगाला हिसके बसत होते.

“तुमची काही चूक नाही,” बाई म्हणाल्या. “एखाद्याच मुलाच्या मेंदूत गोवराचा विषाणू दडून राहतो. वर्षांनी उठतो.”

“मग काढा त्याला.”

“काढायचं औषध नाही हो. परदेशात एक इंजेक्शन देऊन बघतायत, ते इथं मिळत नाही. या गोळ्या आहेत. लागू पडल्या तर आजार थोपवतील. गेलेलं मात्र परत येणार नाही.”

बाहेर आल्यावर जयवंत, तिचा नवरा, भिंतीला टेकला. गिरणी सुटल्यापासून तो वॉचमनकी करत होता.

“गोळये दिवन अशी ठेवन काय मिळतला? पोरीचे हाल माझ्यान बघवणत नाय. सुटांदे तिका.”

“माका आये म्हणता अजून,” बकुळा म्हणाली. त्याचा तिला भयंकर राग आला. माया त्याचीही होती, हे कळत असूनही आला.

गोळ्या कडूजहर. कुटून पेजेत कालवायच्या. पंगतीच्या पंगती उठवणाऱ्या बाईची सगळी सकाळ आता एका वाटीत जाई.

दिवाळीनंतर बाईंनी तपासलं. “काही नवीन?”

“नाही. होती तशीच आहे.”

“छान,” बाई म्हणाल्या.

बकुळाला त्या शब्दाची चीड आली. मग वाटलं, पुढच्या खेपेलाही बाईंनी हेच म्हणावं. ती फार दमली होती.

चाळीचा जिना चढताना वैजू जयवंतच्या खांद्यावर होती. अर्ध्यावर तो धापा टाकत थांबला.

“जड झालां गो चेडू.”

“खाता म्हणान,” बकुळा म्हणाली आणि पोरीला घ्यायला तिने हात पुढे केले.

“ऱ्हवांदे,” तो म्हणाला. वैजूला दुसऱ्या खांद्यावर घेऊन तो पुढची पायरी चढला.