कोरी लेबलं

जळगावच्या जवरीलाल शेठच्या कारखान्यात सुंदरबाई आणि तिच्या बाया लेबलं बनवायच्या. कागद कापायचा, मागून डिंक लावायचा, दोरीवर वाळवायचा. पुढून कोरं, कारण दुबईचा व्यापारी त्यावर आपलं नाव स्वतः छापणार होता. पहिलाच माल परदेशी निघाला आणि तपासायला आलेले कस्टमचे साहेब अडून बसले.

"छापलेलं काहीच नाही. हा साधा कागद. कागद म्हणून लिहा, आत्ता सही करतो."

शेठ मऊ माणूस. "लिहितो ना साहेब," म्हणाले. मग सुंदरबाईला हळूच, "कागदच म्हणायचा तर पुढच्या खेपेला नुसते गठ्ठे पाठवू. कापाकापी तिकडंच होईल."

म्हणजे सगळ्या बायांच्या पोटावर पाय. सुंदरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब, पोऱ्यानं बारसं व्हत नही तवलोंग त्याले पोऱ्या म्हनतस नही का?"

"बाई, सरकार बारशाला येत नाही."

झालं! ती भरलेल्या खोक्यावर जाऊन बसली. तिच्यामागं डिंक लावणारी भागाबाई, मग सगळ्याच बाया.

"लेबल लिखा, तवय उठसूत."

शेठनी हात जोडले, दम दिला, शेवटी चहा मागवला. चहा प्याल्या, पण उठल्या नाहीत. साहेबांनी चिडून मूठभर लेबलं नमुना म्हणून उचलली. "वरची कचेरी ठरवेल. तोवर माल इथंच."

माल पडून राहिला. शेठ येता-जाता टोमणे मारायचे आणि सुंदरबाई दुप्पट परत करायची. घरी मात्र चुलीपुढं ती स्वतःलाच विचारायची, आपल्या हट्टापायी बायांचं काम गेलं तर तोंड कुठं दाखवायचं?

एके दिवशी साहेब शेठची सही घ्यायला फाईल घेऊन आले. "निकाल कागदाचाच लागणार," म्हणाले आणि फाईल टेबलावर टाकली.

सुंदरबाई ती बघतच राहिली. पुठ्ठ्याच्या मधोमध नमुन्यातलंच एक चिकटवलेलं होतं, त्यांच्याच कापणीचं, गोल कोपऱ्यांचं. कचेरीतल्या कुणीतरी त्यावर शाईनं शेठचं नाव लिहिलं होतं.

तिनं त्यावर बोट ठेवलं. "साहेब, हाई काय शे?"

"लेबल," साहेब म्हणून गेले.

त्यांनी नखानं टोक उकरून पाहिलं. डिंक भागाबाईच्या हातचा होता, निघाला नाही.

"शेठ," सुंदरबाई म्हणाली, "लिखा."